सेवानिवृत्त कोंबड्यांचा दावा

टेम्पोतून उतरवलेल्या क्रेटमधून जे जीव बाहेर आले, त्यांना कोंबड्या म्हणायला बरीच कल्पनाशक्ती लागत होती. अंगावर पिसे होती, पण जुन्या उशीतून गळता गळता राहून गेल्यासारखी. माना उघड्या आणि लालसर. तुरे फिके पडून एका बाजूला असे कलंडलेले, की जगाशी वाद घालणे या पक्ष्यांनी फार पूर्वीच सोडून दिले असावे. दावेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चष्म्याचा दोष नव्हता.

“यांना काही रोग झालाय का रे?” त्यांनी मेहुण्याला विचारले.

“रोग कसला, दाजी! जन्मभर पिंजऱ्यात उभं राहून अंडी घातलीत बिचाऱ्यांनी. आता जरा कमी घालायला लागल्या, तर कंपनी म्हणते, बदला. बदला म्हणजे कुठे पाठवा, ते मी ताईसमोर बोलत नाही.”

ताईला ते न बोलताच समजले. ती पदर खोचून पुढे झाली, तिने सगळ्यांत केविलवाणी कोंबडी उचलली आणि नवऱ्याच्या हातात ठेवली. त्या कोंबडीच्या डोक्यावर आणि मानेवर एकही पीस नव्हते. “ही टकली तुमची,” ती म्हणाली. टकलीने दावेसाहेबांकडे एका डोळ्याने पाहिले, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने पाहिले, आणि दोन्ही डोळ्यांचे मत सारखेच पडल्यामुळे निराश होऊन डोळे मिटले.

दावेसाहेब हे त्यांचे नाव नव्हे. विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारण्यात त्यांची सारी हयात गेली होती, म्हणून हे बिरूद त्यांना चिकटले होते. कोणत्याही अर्जातला दावा कोसळवणारा एकच शब्द ते पाच पानांतून अलगद उचलून काढत. हंसाच्या नीरक्षीरविवेकाची आठवण व्हावी, फक्त यातले दूध नेहमी कंपनीच्या वाट्याला जाई. निवृत्तीनंतर गावाबाहेरच्या शेतघरांच्या वसाहतीत त्यांनी जमिनीचा तुकडा घेतला, तो निव्वळ शांततेसाठी. काहीही न करण्याचा त्यांचा बेत होता, आणि त्याची त्यांनी पद्धतशीर तयारी केली होती. एक आरामखुर्ची होती, एक चिंचेचे झाड होते, आणि त्या दोहोंच्या मधली सावली होती. आता त्या सावलीत कोंबड्या उभ्या होत्या.

उभ्या म्हणजे अक्षरशः उभ्या. जिथे ठेवल्या तिथे. त्यांना जमीन ठाऊक नव्हती. पायाखाली तारेची जाळी नसून काहीतरी मऊ, थंड आणि भरवशाचे पसरले आहे, हे त्यांच्या पायांना पटत नव्हते. सावली संपून ऊन सुरू होई त्या रेषेपाशी त्या अडून राहत. गवताचे पाते वाऱ्याने हलले की सगळ्या एकदम दचकत. संध्याकाळी खुराड्यात जायचे असते, दांडीवर बसायचे असते, हे कोणी सांगावे? अंधार पडताच त्या अंगणात गोठल्यासारख्या थांबत, आणि दावेसाहेब त्यांना एकेक करून उचलून दांडीवर मांडत. मांडता मांडता पहिली खाली पडे. एका टोकाला बसवावे, तर दुसऱ्या टोकाची घसरे. आयुष्यभर टेबलावरच्या फायली सरळ रचणाऱ्या माणसाला हे फार लागले.

“अहो, त्यांना करून दाखवा की,” बायको खिडकीतून म्हणाली.

“काय करून दाखवू?”

“दांडीवर बसून.”

दावेसाहेबांनी घसरलेली कोंबडी पुन्हा उचलली.

शेजारी दंतवैद्य राहत. सारी वसाहत त्यांना दातवाले म्हणे. कोंबडीला दात नसतात, तेव्हा या विषयात आपल्या मताला किंमत नाही, हे त्यांच्या लक्षात आले नव्हते. रोज सकाळी ते कुंपणावर कोपरे टेकून उभे राहत, आणि सल्ला देत. “एक कोंबडा आणा, म्हणजे त्यांना जगण्यात रस वाटेल.” दुसऱ्या दिवशी, “कोंबडा नका आणू, मला झोप लागणार नाही.” तिसऱ्या दिवशी, “रेडिओ लावून ठेवा. पेशंटला खुर्चीत बसवल्यावर मी हेच करतो.” दावेसाहेबांनी रेडिओ लावला. बातम्या ऐकून कोंबड्या खुराड्याच्या कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढल्या. त्यात त्यांची काही चूक होती असे म्हणता येणार नाही.

मग एका दुपारी अनर्थ झाला. आरामखुर्चीत डोळा लागलेले दावेसाहेब कसल्याशा फडफडीने जागे झाले. टकली उन्हात आडवी पडली होती. एक पाय लांब ताणलेला, एक पंख पसरलेला, मान उलटी, डोळे अर्धवट मिटलेले; आणि अंगातून झटके जात होते, तसतशी धूळ उडत होती. तिच्या शेजारी दुसरी पडली. मग तिसरी. सारी जमात माना टाकून धुळीत तडफडू लागली. दावेसाहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. अनवाणीच धावत त्यांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

“सगळ्यांना एकदम फेफरं आलंय! ताबडतोब या!”

डॉक्टरीणबाई एका म्हशीचे बाळंतपण अर्धवट टाकून आल्या. फाटकापाशी उभ्या राहून त्यांनी तो प्रकार पाहिला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

“अंघोळ करतायत त्या,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“धुळीची अंघोळ, काका. कोंबड्या अशीच अंघोळ करतात. आणि तिकडे माझी म्हैस खोळंबलीय.”

त्या निघून गेल्यावरही दावेसाहेब बराच वेळ तिथेच उभे राहिले. हे कोणी शिकवले यांना? ज्यांनी माती पाहिली नव्हती, ज्यांच्या आयांनीही पाहिली नसावी, त्यांच्या हाडांत ही अंघोळ कुठे दडून राहिली होती? टकली उठली, तिने अंग झाडले, आणि एक राखाडी ढग तिच्याभोवती क्षणभर उन्हात तरंगत राहिला. तिच्या टकलाभोवती तेजोवलय असावे तसा. दावेसाहेबांना गहिवरून आले. त्याच क्षणी कुंपणापलीकडून आवाज आला, “साबण वापरत नाहीत वाटतं?” आणि गहिवर ओसरला.

भूखंडधारक संघाची नोटीस त्याच आठवड्यात आली. वसाहतीत सोबतीचे प्राणी पाळण्यास मुभा असून उत्पादक जनावरे पाळण्यास सक्त मनाई आहे. सबब आपल्या कोंबड्या आपण ताबडतोब हलवाव्यात. तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवले होते, परंतु तक्रारीची जोडलेली प्रत हिरड्यांच्या निगेविषयीच्या एका पत्रकाच्या पाठीवर लिहिलेली होती.

“हलवायच्या म्हणजे कुठे हो?” बायकोने विचारले.

“तुझा भाऊ टेम्पो पाठवेल.”

“आणि टेम्पो कुठे नेईल?”

दावेसाहेबांनी खाली पाहिले. टकली त्यांच्या चपलेवर चढून बसली होती. अलीकडे तिला ही सवय लागली होती; त्यामुळे त्यांना उठता येत नसे आणि ते तशी तक्रारही करत नसत. त्यांनी कागद मागवला. आयुष्यभर पलीकडच्या बाजूने पाहिलेली वाट त्यांना आता अलीकडच्या बाजूने चालायची होती. ज्या हाताने हजारो लोकांचे दावे बुडवले, तो हात एक दावा उभा करू लागला.

आणि दावा उभा राहिला तो दृष्ट लागावी असा. ‘सदर कोंबड्या उत्पादक या व्याख्येत मोडत नाहीत,’ त्यांनी लिहिले, ‘कारण त्या सेवानिवृत्त आहेत. त्यांनी आपले कार्य पूर्ण केले असून आता त्या माझ्याप्रमाणेच काहीही करीत नाहीत. निवृत्त प्राणी पाळण्यास मनाई असेल, तर या वसाहतीतील बहुसंख्य घरे बेकायदा ठरतील.’ शेवटचे वाक्य बायकोने खोडायला लावले. ते सोडून बाकीचे अभेद्य होते.

सोबत डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडायचा होता. त्यांनी लिहिले, ‘या कोंबड्या सध्या अंडी देत नाहीत.’ दावेसाहेबांची नजर त्या ओळीवर गेली आणि थेट ‘सध्या’वर जाऊन आदळली. अशाच एका शब्दाच्या खुंटीला त्यांनी किती जणांचे दावे टांगले होते!

“एवढं ‘सध्या’ काढता येईल का?”

“नाही.”

“काय फरक पडतो, मी म्हणतो?”

“काही फरक पडत नसेल तर राहू दे ना, काका. उद्या त्यांनी घातली अंडी, तर मी काय पोट शिवून टाकणार त्यांचं?”

“नाही हो घालणार. थकल्यात त्या.”

“तुम्ही त्यांना ऊन देताय, पाला देताय, तासन्‌तास शेजारी बसून असता,” डॉक्टरीणबाई पेनाचे टोपण लावत म्हणाल्या. “अहो, माणूससुद्धा अंडं देईल.”

दावा संघाकडे पडून होता, आणि काही आठवड्यांत तसेच झाले. कोंबड्यांची पिसे झडून नवी फुटली, तुरे ताठ आणि लालभडक झाले, आणि एका सकाळी दावेसाहेबांनी पावसाळी बुटात पाय घातला, तेव्हा आत एक अंडे होते. होते, म्हणजे पाय घालेपर्यंत.

त्या दिवसापासून घरावर दहशतीची छाया पसरली. निवृत्तीतून परतलेल्या माणसाचा कामाचा उत्साह कसा असतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच याची कल्पना येईल. कोंबड्या धुण्याच्या टोपलीत अंडी घालत, स्कूटरच्या हेल्मेटमध्ये घालत, कुंड्यांमागे घालत. आणि नुसत्या घालून गप्प बसत नसत. अंडे घातल्यावर कोंबडी ज्या आवाजात त्याची दवंडी पिटते, तो आवाज चार घरे ऐकू जातो. अशा वेळी दावेसाहेब मोठमोठ्याने खोकत. दातवाल्यांनी कुंपणावरून त्यांना घशासाठी औषधही सुचवले.

अंड्यांचे करायचे काय, हा आणखी एक प्रश्न होता. शेजाऱ्यांना वाटावीत तर तो कबुलीजबाब. टाकून द्यावीत तर बायकोचा जीव धजेना. मग दोघेजण सकाळी अंडी खात, दुपारी अंडी खात, आणि एकमेकांकडे न बघता संध्याकाळीही अंडीच खात. “मी आता कॉक-कॉक करायला लागेन हो एक दिवस,” बायको म्हणाली. तिच्या आवाजात धमकी होती की आशा, हे त्यांना कळले नाही.

फक्त टकली अंडे देत नव्हती. बाकीच्या साऱ्या पिसांनी भरल्या. तिच्या मानेवर मात्र चार खुंट उगवून थांबले. बाकीच्या धावत, उकरत, भांडत. ती चपलेवर बसे. दावेसाहेबांच्या दाव्यातले प्रत्येक अक्षर खरे ठेवणारी तेवढी एकच होती.

म्हणून संघाची समिती पाहणीला यायची ठरली, त्या रविवारी दावेसाहेबांनी इतर सगळ्या कोंबड्या न्हाणीघरात कोंडल्या, दार लावून घेतले, आत नळ सोडला, आणि टकलीला एकटीलाच नमुना म्हणून अंगणात ठेवले.

संघाचे अध्यक्ष हे निवृत्त मुख्याध्यापक होते. शाळा सुटली होती, पण ते सुटले नव्हते. बरोबर वही घेतलेले चिटणीस होते, आणि तक्रारदार गुप्त असल्यामुळे ‘निमंत्रित’ म्हणून दातवाले होते. तिघे चिंचेखालच्या खुर्च्यांवर बसले. अध्यक्षांनी डोक्यावरची कापडी टोपी काढून शेजारच्या बाकावर उताणी ठेवली.

“बाकीच्या कुठे आहेत?”

“अंघोळीला गेल्यात,” बायको म्हणाली. नळाचा आवाज येत होता, त्यामुळे खोटे वाटण्यास जागा नव्हती.

अध्यक्षांनी टकलीला मागून, पुढून पाहिले. “ही? अरेरे. हिच्यात काय उरलंय? ही अगदीच संपलेली दिसते.”

“काहीच कामाची नाही,” चिटणीस म्हणाले.

“नाहीच,” दातवाले नाइलाजाने म्हणाले. “हिच्याकडून काही व्हायचं नाही.”

खटला जिंकल्यातच जमा होता. चिटणीसांनी निवेदन लिहून पुढे सरकवले. दावेसाहेबांनी फक्त सही करायची होती. त्यांनी सवयीने आधी वाचले. ‘सदर पक्षी वयोमानाने निरुपयोगी झालेले असून त्यांच्याकडून भविष्यातही कोणतीही अपेक्षा नाही.’

पेन कागदाच्या वर थांबले. स्वतःच्या दाव्यात त्यांनी हेच तर लिहिले होते. फक्त तेव्हा ते सन्मानाने लिहिले होते. इथे तेच शब्द कपडे काढून उभे होते. निरोपसमारंभात साहेबांनी हार घालता घालता त्यांना सांगितले होते, ‘आता आराम करा, आम्ही बघून घेतो,’ त्यातही बहुधा हेच वाक्य होते. ते आत्ता त्यांना ऐकू आले. त्यांनी मान वर केली. आणि त्यांना दिसले, की टकली बाकावर चढली आहे, अध्यक्षांच्या टोपीत उतरली आहे, दोनदा स्वतःभोवती फिरून तिने बैठक मारली आहे, आणि तिच्या डोळ्यांत अशी एक दूरस्थ एकाग्रता आली आहे, की ती पाहून कोणत्याही कवीने आपली लेखणी मोडून टाकावी.

बायकोनेही ते पाहिले. “सही करा,” ती दातांतल्या दातांत म्हणाली. “अहो, आधी सही करा.”

टकली उभी राहिली. तिने टोपीत डोकावून पाहिले. तिचा स्वतःवर विश्वास बसेना. तिने पुन्हा पाहिले. मग मानेचे ते चार खुंट ताठ करून तिने जी आरोळी ठोकली, तिने चिंचेवरचे कावळे उडाले.

“काय झालं हिला?” अध्यक्ष दचकून म्हणाले. “शेवटचे श्वास घेतेय की काय?”

यावर नुसते ‘हो’ म्हटले असते तरी भागले असते. खोकला आला असता तरी भागले असते. पण दावेसाहेब उठून उभे राहिले होते, आणि त्यांचा आवाज, इतकी वर्षे लोकांना ‘आपला दावा नामंजूर’ असे ऐकवणारा तो सपाट आवाज, चक्क कापत होता.

“शेवटचे श्वास? अध्यक्षमहाराज, तिने अंडं घातलंय! तुमच्या टोपीत! आणि काहीच कामाची नाही म्हणता? मी या कागदावर सही करणार नाही. सगळ्याच घालतात. रोज घालतात. अगं, सोड त्यांना!”

बायकोने कपाळाला हात लावला, पण न्हाणीघराचे दार उघडले. ओल्याचिंब, संतापलेल्या, लाल तुऱ्यांच्या कोंबड्या अंगणभर पसरल्या, आणि टकलीच्या आरोळीला साथ देऊ लागल्या. स्वतःच्याच अशिलाविरुद्ध इतका भक्कम पुरावा इतक्या स्वखुशीने कोणी दिल्याचे उदाहरण विम्याच्या व्यवसायात नव्हते.

दातवाल्यांच्या सगळ्या दाढा दिसत होत्या. अध्यक्षांनी टोपीत हात घातला. “गरम आहे,” ते म्हणाले. शाळेबाहेरच्या एखाद्या गोष्टीने त्यांना प्रथमच चकित केले असावे. मग त्यांना आपल्या पदाची आठवण झाली. “हा पुरावा मी ताब्यात घेतो. सुनावणी पुढच्या रविवारी, माझ्या घरी.” आणि टोपी दोन्ही हातांत धरून, उघड्या डोक्याने ते सावकाश निघून गेले.

तो आठवडा वाईट गेला. मेहुण्याचा फोन आला, “दाजी, कधी पाठवू टेम्पो?” आणि बायकोने माळ्यावरचे लाकडी क्रेट खाली काढले, पुसले, उन्हात ठेवले. कोंबड्या त्यांवर चढून खेळू लागल्या. टकली रोज अंडे देत होती, रोज तीच आरोळी ठोकत होती, आणि आता खोकण्याची गरज उरली नव्हती.

“वाईट वाटतंय का हो? बोलून गेल्याचं?” बायकोने विचारले.

“वाटतंय,” दावेसाहेब म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “पण ते कोण लागून गेले तिला संपलेली म्हणणारे?”

रविवारी अध्यक्षांच्या दिवाणखान्यात सगळे जमले. चिटणीसांनी वही उघडली, आरोप वाचला, आणि म्हणाले, “आता पुरावा सादर व्हावा.”

अध्यक्ष खिडकीबाहेर बघू लागले.

“पुरावा, सर.”

“हो, हो. तो... सध्या हाताशी नाही.”

“कोणता पुरावा? ते अंडं?” अध्यक्षांची पत्नी आतून पाण्याचे पेले घेऊन आली. “अहो, ते यांनी आणल्याबरोबर खाल्लं! उभ्या उभ्या! आणि म्हणाले, जन्मात असं अंडं खाल्लं नाही. तेव्हापासून रोज विचारतायत, सुनावणी अलीकडे घेता येईल का म्हणून.”

खोलीत जी शांतता पसरली, ती दावेसाहेब ओळखत होते. दाव्यात भगदाड पडल्याची ती शांतता होती. फक्त या वेळी ते भगदाडाच्या योग्य बाजूला उभे होते. ते खाकरले.

“मूळ वस्तू उपलब्ध नसेल, तर तक्रार टिकत नाही.”

“मी डोळ्यांनी पाहिलंय!” दातवाले उसळले. “आणि ते स्वतः कबूल झालेत!”

“भावनेच्या भरात,” बायको म्हणाली. “बीपी आहे त्यांना.”

अध्यक्षांनी घसा साफ केला, आणि वर्गावर नजर फिरवावी तशी सर्वांवर फिरवली. “प्रकरण गंभीर आहे. घाईने निकाल देणं योग्य नाही. समितीने ताजा पुरावा मागवावा. तूर्त पक्षी आहेत तिथेच राहतील.” ते जरा थांबले. “एका पुराव्यावरून अनुमान काढता येत नाही. पाच-सहा मागवावेत.”

“समितीच्या प्रत्येक सदस्याकडे स्वतंत्र पुरावा असणं नियमाला धरून होईल,” चिटणीस वहीतून डोके वर न काढता म्हणाले.

न्याय आणि नाश्ता यांचे दातवाल्यांच्या मनात चाललेले द्वंद्व त्यांच्या जबड्यावर स्पष्ट दिसत होते. “तक्रारदारालाही प्रत मिळायला हवी,” अखेर ते म्हणाले.

“तक्रारदार गुप्त आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“त्याच्यापर्यंत मी पोहोचवीन.”

प्रकरण अजून चालू आहे. दर रविवारी दावेसाहेब पुराव्याची टोपली घेऊन निघतात, घरोघर सादर करतात, आणि समिती तो बारकाईने तपासून, पुढच्या रविवारी आणखी पुरावा आणावा असा ठराव एकमताने करते. मध्यंतरी वसाहतीत एक मुंगूस दिसल्याची बातमी आली, तेव्हा चिटणीस स्वतः काठी घेऊन दावेसाहेबांच्या कुंपणाभोवती दोन फेऱ्या मारून गेले. प्रलंबित प्रकरणातल्या पक्ष्यांचे रक्षण ही संघाची जबाबदारी आहे, असे ते म्हणाले. क्रेट आता चुलीत गेले आहेत. दावेसाहेबांना आरामखुर्चीत बसायला वेळ मिळत नाही.

परवा सकाळी ते फाटकाशी उभे होते. टकली त्यांच्या चपलेवर होती. अध्यक्ष फिरायला म्हणून तिथून गेले, थांबले, परत आले, आणि इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, “अहो, या खेपेचा पुरावा जरा लहानच निघाला.”

“असं?” दावेसाहेब आपल्या जुन्या, सपाट आवाजात म्हणाले. “तक्रार लेखी द्या.”